एका 'फ्री'ची स्पॅनिशमध्ये किती रूपं? (मदत हवी आहे, चर्चाही चालेल)

वेलांटी

मंडळी, मी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतराची कामं करते, बहुतेक अ‍ॅप आणि वेबसाइटची. सध्या हातात व्यायाम आणि आहाराचं एक अ‍ॅप आहे. स्पेन आणि मेक्सिको, दोन्हीकडे जाणार आहे. मजकूर म्हणून काय मिळालंय, तर सुट्या तुकड्यांची एक्सेल शीट. स्क्रीन दिसत नाही, कुठला तुकडा कुठे बसणार ते कळत नाही.

आणि त्यात 'फ्री' पावलोपावली. फ्री ट्रायल आहे, शुगर-फ्री आहे, फ्री वेट्स आहे, फ्रीस्टाइल आहे (पोहण्याची), केज-फ्री एग्ज आहे, फ्री अप स्पेस आहे, आर यू फ्री धिस वीक आहे, फील फ्री टु कॉन्टॅक्ट अस आहे. 'फ्री मील' नावाचं एक गूढ आहे. आणि एका ओळीत तर नुसतंच 'फ्री'. मागेपुढे काही नाही.

भाषांतराचं सॉफ्टवेअर जुनी कामं लक्षात ठेवतं. त्याला कुठेतरी 'फ्री म्हणजे ग्रातिस' असं सापडलंय आणि ते सगळीकडे तेच भरत सुटलंय. 'फ्री वेट्स'चं त्याने 'पेसास ग्रातिस' केलं, म्हणजे फुकटातली डंबेल्स. वर क्लायंटची सूचना अशी की एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठेवा, सुसंगती पाहिजे.

माझी मतं आहेत, पण तिकडे राहणाऱ्यांचा कान मला हवाय. कोणी आहे का?

टर्मिनलबाबा

वेलांटीताई, हा तर आमच्या गल्लीतला प्रश्न! रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प (कोणालाही वापरता, बदलता, वाटता येईल असं सॉफ्टवेअर बनवण्याचा) जाहीर केला तेव्हापासून 'फ्री सॉफ्टवेअर'वाले हेच समजावत आलेत की 'फ्री स्पीच'मधला फ्री घ्या, 'फ्री बिअर'मधला नको. इंग्रजीचं दारिद्र्य आहे ते. स्पॅनिशमध्ये त्या दोन वस्तूंना दोन शब्द आहेत. बंधन नसेल तर लिब्रे, पैसे नसतील तर ग्रातिस. 'सॉफ्टवेअर लिब्रे' म्हटलं की खुलासा करावा लागत नाही. म्हणून तर इंग्रजीवाल्यांनीही लिब्रे उचलला. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळी वाट निघाली, तिचं नाव लिब्रेऑफिस ठेवलं.

स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ मध्ये शाळांसाठी लिनक्सची (संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीची) स्वतःची आवृत्ती काढली होती, ग्नूलिनएक्स. त्याच वर्षी पेरूचे लोकप्रतिनिधी एद्गार बियानुएवा यांनी मायक्रोसॉफ्टला लिहिलेलं उत्तर आमच्या पिढीने अक्षरशः पारायण करून वाचलंय. सरकारने लिब्रे सॉफ्टवेअर वापरावं असं विधेयक होतं आणि खरा मुद्दा किमतीचा नाही, नागरिकांच्या माहितीचा आहे, हे त्यांनी त्यात ठासून मांडलं होतं. इंग्रजीत हे मांडायचं तर आधी शब्दाचीच फोड करत बसावं लागलं असतं.

तेव्हा तुमचं उत्तर सोपं आहे. प्रत्येक ओळीला विचारा, पैशाचं आहे का? हो असेल तर ग्रातिस, नाहीतर लिब्रे.

केरेतारोकर

बाबा, तुमचं पारायण मान्य, पण एकदा मेक्सिकोच्या रस्त्यावर या.

इथे हायवेला फाटा आला की हिरव्या पाटीवर दोन बाण असतात. एकावर लिहिलेलं असतं 'कुओता', दुसऱ्यावर 'लिब्रे'. कुओता म्हणजे टोलचा रस्ता, लिब्रे म्हणजे बिनटोलचा. मेक्सिको सिटीहून कुएर्नावाकाला ९५डीने गेलात तर टोल, नुसत्या ९५ने गेलात तर घाट, वळणं, गतिरोधक आणि बाजूला केसादियाच्या टपऱ्या, पण खिसा शाबूत. आता सांगा, हा लिब्रे स्वातंत्र्याचा की पैशाचा? ड्रायव्हरला विचारलंत तर तो पैशाचाच म्हणेल.

आणखी एक. मेक्सिको सिटीत 'ताक्सी लिब्रे' म्हणजे रस्त्यावर फिरणारी, हात दाखवून थांबवायची टॅक्सी. स्टँडवरची असते ती 'दे सितियो'. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बजावतात की रात्री ताक्सी लिब्रे घेऊ नकोस. ती फुकट नाही आणि आत प्रवासी बसलेला असला तरी ती 'लिब्रे'च. नुसती रिकामी एवढाही अर्थ पुरत नाही.

माद्रिदचा_मावळा

इकडे स्पेनमध्ये टॅक्सीवर हिरवा दिवा आणि 'लिब्रे' असेल तर मात्र ती रिकामी. तेवढं तरी सरळ आहे.

पण बाबांचा नियम इथेही टिकत नाही. 'एन्त्रादा लिब्रे' ही पाटी रोज दिसते: व्याख्यान, प्रदर्शन, गावच्या जत्रेतला कार्यक्रम. शब्दशः अर्थ 'कोणीही यावं', आपलं 'मुक्त प्रवेश'. व्यवहारात सगळे त्यातून 'तिकीट नाही' असंच घेतात. फरक काटेकोर ठेवायचा असतो तेव्हा आयोजक 'एन्त्रादा ग्रातुइता' (मोफत प्रवेश) लिहितात, आणि काही जण दोन्ही लिहून मोकळे होतात: 'लिब्रे इ ग्रातुइता'. पुढे बहुधा 'आस्ता कोम्प्लेतार आफोरो' असतंच, म्हणजे जागा भरेपर्यंत.

आणि बिअरचंच उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पार्टीत दारूचा काउंटर सगळ्यांना खुला असतो, ग्लासामागे पैसे मोजायचे नसतात, त्याला इथे काय म्हणतात? 'बार्रा लिब्रे'! म्हणजे जी फ्री बिअर स्टॉलमन यांना नको होती, ती स्पॅनिशमध्ये बरोबर लिब्रेच्याच काउंटरवर मिळते. :)

वेलांटीताईंच्या यादीबद्दल. जिममध्ये मशीन सोडून डंबेल-बारबेलचा जो भाग असतो, त्याला इथे 'सोना दे पेसो लिब्रे' म्हणतात (स्पेनमध्ये ते सोना जीभ दाताला लावून 'थोना' होतं, पण ते सोडा). तेव्हा 'पेसो लिब्रे'. मेक्सिकोत बहुतेक 'पेसास लिब्रेस' म्हणतात, केरेतारोकर सांगतीलच. फ्रीस्टाइल म्हणजे 'एस्तीलो लिब्रे'. आर यू फ्रीचं मात्र जपून: 'एस्तास लिब्रे' म्हणजे या आठवड्यात मोकळा आहेस का. 'एरेस लिब्रे' लिहिलंत तर 'तू स्वतंत्र जीव आहेस का' असा तत्त्वज्ञानाचा प्रश्न होईल. क्रियापद बदललं की माणूस कॅलेंडरमधून उठून थेट उपनिषदात.

खवट_काका

एवढं दळण कशाला? मशीनला टाका, काय येईल ते द्या. मेक्सिकोतल्या जिमवाल्याला कुठे एवढं कळतंय.

केरेतारोकर

काका, जिमवाल्यालाच सगळ्यात आधी कळतं. फुकट डंबेल्स म्हटल्यावर लोक ती घरी न्यायला मागतील.

(मावळा, अर्धं बरोबर. इथे 'पेसो लिब्रे' आणि 'पेसास लिब्रेस' दोन्ही ऐकलंय. जिमच्या भिंतीवर पहिलं जास्त दिसतं.)

जिरेफोडणी

मी खाद्यपदार्थांच्या लेबलांचं काम करते, म्हणून फक्त तेवढ्यापुरतं. वरच्या चर्चेत शुगर-फ्रीकडे कोणी बघितलंच नाही आणि खरा धोका तिथे आहे. तिथे ना लिब्रे चालतं ना ग्रातिस. तिथे येतं 'सिन', म्हणजे 'शिवाय'.

युरोपात हा भाषांतरकाराच्या आवडीनिवडीचा मामला नाहीच. २००६ च्या नियमावलीत (क्रमांक १९२४) कोणता दावा कधी करता येईल ते ठरलेलं आहे. 'सिन आसूकारेस', अनेकवचनात, हा दावा १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल तरच करायचा. 'सिन आसूकारेस आन्यादिदोस' म्हणजे वरून साखर घातलेली नाही. ही वेगळी गोष्ट, कारण फळांच्या रसात मुळातली साखर भरपूर असू शकते. ग्लूटेनचंही तसंच. 'सिन ग्लूतेन' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. अ‍ॅपमध्ये पाककृतींना असे टॅग लागणार असतील तर क्लायंटला आधी विचारा की ही माहिती कुठून घेतलीय. ग्लूटेन अजिबात न चालणारा सिलिअ‍ॅकचा रुग्ण तो टॅग बघून जेवणार आहे.

लॅटिन अमेरिकेत 'लिब्रे दे ग्लूतेन' सर्रास दिसतं. अर्जेंटिनात पाकिटावर 'सिन ताक' असतं. गहू, ओट, सातू आणि राय यांच्या स्पॅनिश नावांची ती आद्याक्षरं. तिथे तर ग्लूटेन हा शब्दही गेला आणि फ्रीही गेला.

फॅट-फ्री दूध यादीत असेल तर स्पेनला 'देस्नातादा' आणि मेक्सिकोला 'देस्क्रेमादा'. साय काढलेलं! मूळ शब्दाचा मागमूस राहत नाही. आणि केज-फ्री अंड्यांना 'हाउला'चं (पिंजऱ्याचं) भाषांतर करत बसण्याआधी इकडे बघा: युरोपात अंड्यावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळलीय ते सांगतो. ० सेंद्रिय, १ मोकळ्या अंगणातली म्हणजे 'काम्पेरास', २ शेडमध्ये जमिनीवर फिरणारी, ३ पिंजऱ्यातली. इंग्रजीतला केज-फ्री बहुतेक २ मध्ये बसतो. फ्री-रेंज असेल तर १. ग्राहक पैसे मोजतो ते या फरकाचे, म्हणून 'काम्पेरास' उगाच वापरू नका.

वेलांटी

जिरेफोडणी, साष्टांग नमस्कार. टॅगचा प्रश्न क्लायंटला लगेच पाठवते.

खवट काका, मशीनला टाकूनच तर ही वेळ आलीय!

एक भर घालते. 'फील फ्री'ला स्पॅनिशमध्ये 'नो दुदेस एन...' म्हणतात, म्हणजे 'कचरू नकोस'. आपण मराठीत 'निःसंकोच संपर्क साधा' लिहितो. दोन्हीकडे मोकळीक द्यायची ती नकारातून. तिथे इंग्रजीला धरून 'सिएन्तेते लिब्रे' लिहिलेलं मी वेबसाइटवर पाहते, आणि स्पॅनिश माणसाला त्यात लगेच भाषांतराचा वास येतो.

'फ्री अप स्पेस' हे क्रियापद आहे, त्याचं 'लिबेरार एस्पासियो'. यावर वाद नसावा.

मोडीवाचक

भाषांतरात मला गती नाही, पण या धाग्यावर एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुकट या अर्थाने स्पॅनिशमध्ये एक जुना वाक्प्रचार आहे: 'दे बाल्दे'. त्याचाच सख्खा भाऊ 'एन बाल्दे', म्हणजे व्यर्थ, वाया. हा बाल्दे आला अरबी 'बातिल'वरून: निरर्थक, रद्द. सातशेहून जास्त वर्षं तिकडे अरबी राज्यांचा वावर होता, त्यातून हजारो शब्द राहिले.

आता आपल्या कागदांत या. 'सदर हुकूम रद्दबातल समजावा.' तो बातल तोच. एक शब्द स्पेनच्या अंदालुसियात जाऊन फुकटात पडला आणि तोच फारसीच्या हाताने दख्खनेत येऊन कचेरीत बसला. आपला 'मोफत' तर थेट फारसी 'मुफ्त'.

अवांतर: राजकारणात लिब्रे आला की आणखी मजा. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिकोचं १९५२ च्या संविधानापासून स्पॅनिश नाव आहे 'एस्तादो लिब्रे आसोसियादो', शब्दशः 'मुक्त सहयोगी राज्य'. इंग्रजीत अधिकृत नाव 'कॉमनवेल्थ', तिथे फ्री कुठेच नाही. एकच संविधान, आणि वॉशिंग्टनला वाचायला एक नाव, तिथली राजधानी सान हुआनला दुसरं.

मांडवीकाठ

मोडीवाचक, क्या बात! आमच्या गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या माणसांकडून 'द ग्रासा' ऐकलंय, फुकट या अर्थी. पोर्तुगीजमध्येही 'लिव्ह्र' आणि 'ग्रातिश' अशी तीच जोडी आहे आणि 'एन्त्रादा लिव्ह्र'चा गोंधळही तोच.

पण मला विचाराल तर मराठी या बाबतीत स्पॅनिशपेक्षा श्रीमंत आहे. मोकळा, रिकामा, मुक्त, स्वतंत्र, मोफत, फुकट, विनामूल्य, निःशुल्क. रिकामी टॅक्सी, मोकळा वेळ, मुक्तछंद, मोफत तपासणी, फुकटचा सल्ला. एकाच्या जागी दुसरा टाकून बघा, कान लगेच तक्रार करतो. आणि एवढं सगळं घरात असताना आपण बोलतो काय? 'रविवारी फ्री आहेस का?' 'एकावर एक फ्री.' 'ती स्वभावाने खूप फ्री आहे.' इंग्रजांचा गोंधळ आपण विकत आणलाय. की फुकट?

टर्मिनलबाबा

बरं बाबा, बार्रा लिब्रेपुढे हात टेकले. पण एक शंका: नाशिकच्या मुक्त विद्यापीठात 'मुक्त'चा अर्थ फुकट असा कोणी घेत नाही, फी सगळे भरतात. मग स्पॅनिश लोकच एन्त्रादा लिब्रेमध्ये पैसे का बघतात?

माद्रिदचा_मावळा

कारण दारावर अडवणारी गोष्ट कोणती, त्यावर अर्थ ठरतो. नाटकाच्या दाराशी अडवतं ते तिकीट, म्हणून तिथे लिब्रे म्हणजे बिनतिकीट. हायवेवर टोलनाका अडवतो. विद्यापीठात अडवते ती बारावीची अट, वयाची अट, म्हणून 'मुक्त'मधून लोक तेवढंच घेतात. लिब्रे नेहमी 'कशापासून' ते मनात धरून चालतो, आणि ते 'कशापासून' कधी पैसा असतो, कधी नसतो. ग्रातिसचं तसं नाही, तो फक्त गल्ल्याजवळ उभा असतो. म्हणून तुमचा नियम एका बाजूने बरोबर आहे: जिथे पैशाचा प्रश्नच नाही तिथे ग्रातिस कधीच नको. उलट बाजूने तो गळतो.

सॉफ्टवेअर लिब्रे स्पष्ट वाटतं त्याचंही कारण इतकंच की तुमच्या लोकांनी तिथे 'कशापासून' हे वर्षानुवर्षं सांगितलं. नुसतं 'आप लिब्रे' (आप म्हणजे अ‍ॅप) म्हणा, रस्त्यावरच्या माणसाला काहीही बोध होणार नाही.

सेमीकोलन

मी प्रोग्रामरांच्या बाजूने बोलतो, म्हणजे शिव्या खायला आलोय.

हा दोष भाषेचा कमी, फाइल बनवणाऱ्याचा जास्त. 'फ्री' हा एकच तुकडा पाच ठिकाणी वापरला की भाषांतरकाराला एकच खण मिळतो. गेटटेक्स्ट नावाची भाषांतराच्या फाइली बनवायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात यासाठी संदर्भाची वेगळी ओळ देता येते. तोच इंग्रजी शब्द, पण 'किंमत' संदर्भाने एकदा आणि 'वेळ' संदर्भाने एकदा, असे दोन खण. सोय आहे, आम्ही आळसाने वापरत नाही. ताई, क्लायंटला लिहा की प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळखसंज्ञा हवी आणि शेजारी स्क्रीनचं चित्र हवं. 'सुसंगती'ची सूचना मागे घ्यायला लावा.

मराठीचं सांगतो. 'ओपन' या बटणाला कोणीतरी 'उघडा' लिहिलं होतं. आज्ञार्थ म्हणून चोख. तोच तुकडा खाली फाइलच्या स्थितीलाही वापरला गेला. यादीत प्रत्येक फाइलच्या नावापुढे 'उघडा'. दस्तऐवज उघडा, अहवाल उघडा. ऑफिसात आठवडाभर हसत होते. स्पॅनिशमध्ये तिथे 'आब्रिर' आणि 'आबिएर्तो' असे दोन वेगळे शब्द लागतात, म्हणजे बग लगेच सापडला असता. मराठीत तो नागडाच फिरत राहिला.

केरेतारोकर

:D :D

'फ्री मील'बद्दल. इथे डाएटवाले आठवड्यातून एकदा हवं ते खायला परवानगी देतात, त्याला 'कोमिदा लिब्रे' म्हणतात. माझ्या अंदाजाने तेच असणार. पण अ‍ॅपचा सशुल्क प्लॅन घेतल्यावर एक जेवण भेट मिळत असेल तर 'कोमिदा ग्रातिस'. दोन्ही शक्य आहेत आणि दोन्हींचे परिणाम फार वेगळे. एकात माणूस टॅको खाणार, दुसऱ्यात तुमच्याकडे टॅको मागणार.

आणि 'दे ग्रातिस' लिहू नका. बोलताना इथे सगळे म्हणतात, पण स्पॅनिश अकादमीला तो 'दे' खपत नाही. ग्रातिस एकटाच उभा राहतो.

वेलांटी

ग्रातिसचा आणखी एक फायदा: त्याला लिंग-वचन लागत नाही. 'ग्रातुइतो' घेतला की 'प्रुएबा ग्रातुइता', 'प्लानेस ग्रातुइतोस' असं प्रत्येक नामाशी जुळवत बसावं लागतं. समोरचं नाम प्रोग्राम स्वतः आणून चिकटवणार असेल तर ग्रातिस सुरक्षित. ट्रायलला मात्र 'प्रुएबा ग्रातुइता'च ठेवतेय, तिथे नाम पक्कं आहे आणि कानाला ते जास्त रुळलेलं आहे.

सेमीकोलनचं म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं क्लायंटला पाठवलं. चित्रं आली! एकट्या 'फ्री'चा उलगडा झाला: ट्रेनरच्या कॅलेंडरमध्ये वेळेच्या प्रत्येक चौकटीवर हिरव्या रंगात 'फ्री' आणि राखाडीत 'बिझी'. म्हणजे सॉफ्टवेअरने भरलेला ग्रातिस गेला असता तर सकाळी दहाचा ट्रेनर फुकट दिसला असता.

मला 'दिस्पोनिब्ले' (उपलब्ध) हवं होतं, पण चौकट इंग्रजीच्या चार अक्षरांच्या मापाने शिवलेली, दहा अक्षरं मावत नाहीत आणि ती रुंद करायला ते तयार नाहीत. 'लिब्रे' मावतो. पण मग बिझीचं काय? 'ओकुपादो' लिहिलं तर ट्रेनर बाई असेल तिथे 'ओकुपादा' हवं, आणि नाव तर वरून प्रोग्राम आणतो. केरेतारोकर, 'लिब्रे' बघून तुमच्याकडे कोणी बिनपैशाचा तास समजेल का?

केरेतारोकर

ऑफिसात दोन-तिघांना चित्र काढून विचारलं. वेळ शेजारी असल्यामुळे पैसे कोणाच्याच डोक्यात आले नाहीत. बिझीला 'नो लिब्रे' ऐकून मात्र सगळे हसले.

माद्रिदचा_मावळा

ट्रेनरला विशेषण लावू नका, तासाच्या जागेला लावा. 'ओकुपादो' हे 'ओरारियो'ला, म्हणजे वेळेच्या चौकटीला लागतं असं धरलं की पुल्लिंगीच राहतं आणि बाईचं नाव वर असलं तरी खटकत नाही. फक्त नावाला चिकटून दिसू देऊ नका, मध्ये एक रेघ ओढायला सांगा.

वेलांटी

रेघ मिळाली. 'लिब्रे' आणि 'ओकुपादो' पाठवले. अंड्यांना स्पेनसाठी पिंजऱ्याचा उल्लेख टाळून २ नंबरचं नाव, 'दे गायिनास क्रियादास एन सुएलो', आणि मेक्सिकोसाठी 'लिब्रेस दे हाउला', कारण तिकडे तसंच चालतं असं दिसलं. साखरेचे टॅग त्यांनी तूर्त काढूनच टाकले, माहितीचा स्रोत त्यांना सांगता आला नाही.

खवट_काका

आणि फुकटचं जेवण?

वेलांटी

त्याचं चित्र आलंच नाही, काका. ज्याने इंग्रजी मजकूर लिहिला त्यालाच विचारून सांगतो म्हणाले. तोपर्यंत खण रिकामा ठेवलाय.